जुनी वॅगन-आर: दोन दिवसांत बॅटरी बसते, स्टिरिओ किल्लीशिवाय चालतो, स्पीकरमधून शिट्टी येते. वायरिंग कुठून तपासायला घ्यावं?

कासारवडवली_०४

गाडी वॅगन-आर पेट्रोल, २००९ची, एमएच-०४. तिसरा मालक मी. सीएनजी किट मागाहून बसवलेलं, स्टिरिओ बाहेरचा, पॅसेंजर सीटखाली ४ चॅनलचा ॲम्प्लिफायर. बॅटरी ३५ एएचची, वॉरंटीत आहे. दुकानात लोड टेस्ट करून चांगली असल्याचं सांगितलं.

तक्रारी अशा:
रात्रभर उभी राहिली तर सकाळी चालू होते. शनिवार-रविवार जागची हलली नाही तर सोमवारी सेल्फ नुसता कटकट करतो.
स्टिरिओ किल्ली न लावताही चालतो. मात्र सेल्फ मारताना कधीकधी बंद पडतो आणि घड्याळ १२ वर जातं.
ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी, आरपीएमबरोबर तिचा सूर चढतो.
पुढचं डावं दार आपटलं की त्या बाजूचा स्पीकर खरखरतो, मग गप्प.
ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर मिणमिणतो.

एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, गाडी जुनी आहे, पूर्ण हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) बदला. तसं करण्याआधी काय तपासावं? मल्टिमीटर आहे, साधं वाचन जमतं.

सेल्फ_मोटर

हार्नेस बदलू नका. या पाचांतल्या निदान तीन गोष्टी कंपनीच्या वायरिंगच्या नाहीतच, नंतर कोणीतरी मारलेल्या जोडांच्या आहेत. नवा हार्नेस टाकला तरी तेच जोड त्यावर पुन्हा मारले जातील.

आधी बॅटरी आणि चार्जिंग. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडायच्या आधी बोनेट उघडता आलं तर उत्तम, बॅटरीच्या पोलवर व्होल्टेज घ्या. १२.६च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ला साधारण पाऊण, १२.२ला अर्धी, १२.० म्हणजे तळ गाठत आलेली. गाडी चालवून आल्या आल्या मोजाल तर आकडा फसवा येतो. तेव्हाच मोजायचं असेल तर इंजिन बंद करून हेडलाइट मिनिटभर लावा, विझवा, थोडं थांबून मोजा.

मग इंजिन चालू करून आयडलला १३.८ ते १४.४ दिसायला हवं. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी जाळी असेल तर तीही, सगळं लावून १३.५च्या खाली जाऊ नये. मीटर एसी व्होल्टवर टाकून तिथेच पुन्हा बघा. ०.१च्या आत असेल तर ठीक. ०.५च्या आसपास गेलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो, आणि तो बॅटरीही खातो, शिट्टीही देतो.

सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६च्या खाली घसरलं तर बॅटरीला काहीही प्रमाणपत्र असो, ती थकली आहे किंवा उपाशी आहे. भरून पुन्हा बघा.

आता मुख्य काम, बंद गाडी किती करंट खाते ते. मीटरची लाल पिन १० ॲम्पिअरच्या भोकात, काळी कॉमनमध्ये. निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि निगेटिव्ह पोल यांच्या मध्ये मीटर. सगळी दारं, डिकी बंद. बोनेटला दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. दार उघडं ठेवणं भाग असेल तर खांबातलं प्लंजर स्विच चिकटपट्टीने दाबून बांधा. मग अर्धा तास हात लावू नका, काही मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, सेल्फ तर अजिबात नाही. मीटरमधला फ्यूज तरी उडेल नाहीतर मीटर.

या वयाच्या गाडीत २० ते ५० मिलिॲम्पिअर ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून कुठला काढल्यावर आकडा पडतो ते लिहून ठेवा. नुसतं "कमी झालं" असं नको, किती झालं ते हवं. इथेच सगळं कोडं सुटतं.

तांबडा_फ्यूज

फ्यूज काढायचेही कष्ट नकोत. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या पाठीवर दिसणाऱ्या दोन धातूच्या ठिपक्यांना टोकं लावा. करंट जात असेल तर फ्यूजवर बारीक व्होल्टेज पडतं. १० ॲम्पिअरच्या मिनी फ्यूजवर ०.७-०.८ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १०० मिलिॲम्पिअर. शून्य म्हणजे त्या वाटेने कोणी जात नाही. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि आकडा बिघडतो, ते यात टळतं.

आणि फ्यूजबॉक्स उघडलाच आहे तर रंगही बघून घ्या. ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जुन्या गाडीत १०च्या जागी ३० खुपसलेला हमखास सापडतो. झाकणावरच्या नकाशाशी पडताळा. फ्यूजच्या पायांशी वाळलेली मातीची रेघ दिसली, तर गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी होती. मग सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या तळाशीही चिखलाचा डाग शोधा. सखल भागातल्या गाड्यांची पावसाळ्यानंतर विक्री का वाढते ते वेगळं सांगायला नको.

ऐरोलीकर_मुग्धा

स्टिरिओच्या बाजूचं मी लिहिते.

बाहेरच्या स्टिरिओला पिवळी वायर म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, घड्याळ आणि मेमरीसाठी, आणि मोठा करंटही तीच वाहते. लाल वायर किल्ली ॲक्सेसरीवर (इंजिन चालू होण्याआधीच्या टप्प्यावर) गेल्यावर जिवंत होते, तिचं काम फक्त "चालू हो" सांगायचं. काळी अर्थ, म्हणजे करंटची बॉडीकडे परतीची वाट. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला जागं करायला. केशरी डिस्प्लेच्या प्रकाशासाठी. स्पीकर: पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळा पट्टा असलेली वायर निगेटिव्ह.

किल्लीशिवाय स्टिरिओ चालतो याचा अर्थ लाल आणि पिवळी एकत्र पिळून एकाच कायमच्या सप्लायवर टाकल्या आहेत. "साहेब, किल्ली न लावता गाणी ऐका" म्हणून फिटर हे सोय म्हणून विकतात. बटणाने बंद केला तरी असा स्टिरिओ पूर्ण झोपत नाही. उलट प्रकार, म्हणजे लाल-पिवळी अदलाबदल झाली, तर किल्ली काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. तुमचं ते नाही.

सेल्फ मारताना घड्याळ जातं त्यासाठी एक मोजमाप करा. दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगून आधी बॅटरीवर, मग स्टिरिओमागच्या पिवळ्या-काळ्या वायरींवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १० आणि स्टिरिओवर ८ असेल तर मधले २ व्होल्ट कुठल्यातरी जोडात जातायत.

रंगांवर मात्र आंधळा विश्वास नको. कंपनीचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) कापला असेल तर पुढे फिटरच्या खिशात होती त्या रंगाची वायर लागलेली असते. प्रत्येक वायर मीटरने मोजा. आणि स्टिअरिंगखालच्या पिवळ्या स्लीव्हमधल्या, पिवळ्या कपलरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, बऱ्याच गाड्यांत ती एअरबॅगची लाइन असते.

कासारवडवली_०४

सगळ्यांचे आभार. वाचनं:

सकाळी बॅटरी १२.३१. इंजिन चालू १४.१, सगळं लावून १३.७. एसी ०.०४. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.१, स्टिरिओच्या पिवळ्या-काळ्यावर ७.९.
बंद गाडीत ०.५८ ॲम्पिअर.
ॲम्प्लिफायरचा बॅटरीजवळचा फ्यूज काढला: ०.१६.
तो परत लावून डॅशखालचा डोम-रेडिओचा फ्यूज काढला: ०.११.
दोन्ही काढले तरी ०.११च.
बाकी कुठल्याच फ्यूजने ०.११ हलत नाही.

सेल्फ_मोटर

मस्त. आता आकडेच बोलतायत.

ॲम्प्लिफायर एकटा ०.४२ खातोय. त्याचा जाड सप्लाय थेट बॅटरीवरून येतो, त्याचा रेडिओच्या फ्यूजशी संबंध नाही. तरीही रेडिओचा फ्यूज काढल्यावर तो झोपला, आणि स्टिरिओचे ०.०५ही गेले. म्हणजे ॲम्प्लिफायरला जागं करणारी बारीक वायर निळ्या-पांढऱ्यावर नाही, स्टिरिओच्या पिवळ्या वायरीवर पिळलेली आहे. तो २४ तास जागा आहे. एकूण ०.५८ गुणिले २४, दिवसाला जवळपास १४ एएच. ३५ एएचच्या बॅटरीतून दोन दिवसांत २८. सोमवारी कटकट होणारच. बॅटरी, बिचारी, निर्दोष आहे. पण इतकी खोल वारंवार उतरली तर वर्षभरात खरंच जाईल, म्हणून दुरुस्तीनंतर बाहेरच्या चार्जरने एकदा पूर्ण भरून घ्या. अल्टरनेटर शहरातल्या लहान फेऱ्यांत ती कधीच पूर्ण भरत नाही.

उरलेले ०.११. त्यातले २०-३० मिलिॲम्पिअर इंजिन ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरची) मेमरी वगैरे, ते राहू द्या. बाकीचे ८०-९० कुठल्याच फ्यूजमधून जात नाहीत, म्हणजे फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवरून निघालेले. अशा जागा तीन: अल्टरनेटरची जाड वायर, मागाहून बसवलेला सायरन किंवा सेंट्रल लॉक, आणि सीएनजी किट. अल्टरनेटरवर एसी ०.०४ आहे म्हणून तो शेवटी. किटचा स्वतःचा फ्यूज बॅटरीजवळ लोंबणाऱ्या काळ्या होल्डरमध्ये असतो, तो काढून बघा. रात्री सीएनजीच्या स्विचवर बारीकसा दिवा जळतो का?

कासारवडवली_०४

किटचा फ्यूज काढला, ०.०२वर आलं. आणि हो, स्विचवर एक हिरवा ठिपका कायम असतो. तो तसाच असतो असं वाटायचं.

सेल्फ_मोटर

तसा नसतो. किटच्या ईसीयूला दोन सप्लाय लागतात, एक कायमचा आणि एक किल्लीनंतरचा. किल्लीनंतरचाही कायमच्यावर मारला की किटला कधी झोपायचं तेच कळत नाही. ही वायर किल्लीनंतर जिवंत होणाऱ्या, सेल्फ मारतानाही १२ व्होल्ट देणाऱ्या लाइनवर हलवायची. ॲक्सेसरीवर नको, कारण सेल्फ मारताना ॲक्सेसरी तुटते. हे काम किट बसवणाऱ्या अधिकृत सेंटरवरच करून घ्या, ते इंजेक्टरच्या वायरीही बघतील. गॅसच्या पाइपला आपण हात लावायचा नाही. गेलातच तर सिलिंडरच्या प्लेटवरची हायड्रो टेस्टची तारीख बघून या, दर ३ वर्षांनी लागते.

अर्थिंगवाला

शिट्टी आणि इंडिकेटर दोन्ही माझ्या नावाचे प्रश्न आहेत. :)

इंडिकेटर आधी, कारण सोपा आहे. मागच्या दिव्याच्या गुच्छात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर यांची अर्थ एकच. ती गंजली की ब्रेकचा करंट परतीची वाट शोधत इंडिकेटरच्या बल्बमधून जातो, म्हणून तो मिणमिणतो. ब्रेक दाबून ठेवायला सांगा, मीटरचं एक टोक दिव्याच्या कपलरमधल्या काळ्या वायरीवर, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टच्या आत हवं. १-२ व्होल्ट आले तर तीच वायर. बोल्ट सोडवा, रिंग-लग आणि बॉडीची जागा सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळणारेही बघितलेत. बल्बहोल्डरचे पितळी पत्ते हिरवे पडले असतील तर होल्डरच बदला. घासलेलं पितळ खाडीच्या हवेत पुढच्या पावसापर्यंतच टिकतं.

तीच कसोटी इंजिनला. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोल यांच्यात ०.३ व्होल्टच्या आत, बॉडी आणि पोल यांच्यात त्याहून कमी. जास्त असेल तर अर्थची पट्टी बदला.

शिट्टी. ॲम्प्लिफायरची अर्थ कुठे लावली आहे ते आधी सांगा.

कासारवडवली_०४

सीटच्या रुळाच्या बोल्टखाली. रंगावरच आवळलेली दिसते.

तांबडा_फ्यूज

इतकं कशाला? लॅमिंग्टन रोडला आरसीएसाठी (स्टिरिओचा आवाज ॲम्प्लिफायरला नेणाऱ्या केबलींसाठी) ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. मध्ये टाका, शिट्टी बंद.

ऐरोलीकर_मुग्धा

शिट्टी बंद, आणि बेसही अर्धा बंद. त्यात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, स्वस्तातले खालचे सूर खातात. शिवाय अर्थ खराब तशीच राहते. तो शेवटचा उपाय, पहिला नाही.

क्रम असा. इंजिन चालू ठेवून ॲम्प्लिफायरच्या बाजूच्या आरसीए काढा. शिट्टी राहिली तर दोष ॲम्प्लिफायरच्या सप्लायचा किंवा अर्थचा. गेली तर दोष आरसीए केबल किंवा स्टिरिओकडचा. त्यानंतर आरसीए लावून मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम सॉकेटमधून काढून ऐका, निम्म्या वेळा शिट्टी तिथूनच येते.

आरसीए आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूच्या पायठ्याखालून नेलेली असेल तर वेगळी करा. जाड वायर उजवीकडून, आरसीए डावीकडून. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

एक गोष्ट फार जण विसरतात. आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून स्टिरिओच्या पत्र्यापर्यंत मीटरने कंटिन्युइटी (वाट अखंड आहे का) बघा, जवळपास ० ओहम हवा. नसेल तर स्टिरिओच्या आतला आरसीएच्या अर्थचा बारीक फ्यूज उडालेला असतो. ॲम्प्लिफायरची अर्थ ढिली झाली की त्याचा करंट आरसीएच्या जाळीतून परतायला बघतो आणि तो फ्यूज जातो. तुमची अर्थ रंगावर आहे, म्हणून हे नक्की तपासा. आणि अर्थ आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा फ्यूजही तसाच जाईल.

अर्थिंगवाला

मुग्धाताईंशी सहमत. सीटचा बोल्ट कधीच नको. तो सीटबेल्टइतकाच जबाबदारीचा, आणि त्याच्याखाली लग अडकवला की आवळ कमी होतो. जवळच बॉडीचा जाड पत्रा निवडा, रंग गोल खरवडा, क्रिम्प केलेला रिंग-लग, दातेरी वॉशर, नटबोल्ट. वायर ५० सेंमीच्या आत आणि पॉझिटिव्हइतकीच जाड.

ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. फ्लोअरखालून ब्रेकचा पाइप, पेट्रोलचा पाइप आणि तुमच्या गाडीत सीएनजीचा हाय प्रेशर पाइपही जातो. डिकीत, सिलिंडरच्या चौकटीजवळ तर स्क्रूसुद्धा मारू नका.

कासारवडवली_०४

आरसीए काढल्या तर शिट्टी गेली. कड्यापासून पत्र्यापर्यंत मीटर काहीच दाखवत नाही.

ऐरोलीकर_मुग्धा

मग तोच फ्यूज. स्टिरिओ दुरुस्त करणारा कोणीही बदलून देईल. अर्थ झाल्यावरच न्या.

आता दाराचा स्पीकर. दार आणि खांब यांच्यामधला रबरी नळा दार उघडून मागे सरकवा. इतक्या वर्षांच्या उघडझापीने आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. स्टिरिओमागे त्या स्पीकरची जोडी सोडवून ओहम मोजा, आणि कोणालातरी दार हलवायला सांगा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. दार हलताना आकडा उडाला तर तार तुटली आहे. नळ्याच्या आत जोड मारायचा नाही, तिथेच पुन्हा तुटेल. दारापासून डॅशपर्यंत मऊ, बारीक तारांची नवी वायर ओढा, ०.७५ किंवा १ चौरस मिमी पुरते.

त्याच वेळी पांढरी-काळी वायर आणि बॉडी यांच्यात मोजा. स्पीकरची कुठलीही बाजू बॉडीला लागता कामा नये. आजकालच्या स्टिरिओत दोन्ही वायरी जिवंत असतात, एक बॉडीला लागली की आयसी बंद पडतो किंवा जळतो.

तांबडा_फ्यूज

दाराचा पॅड काढाल तेव्हा आतला प्लॅस्टिक कागद फाडू नका, फाटला असेल तर नवा जाड कागद ब्युटिल टेपने चिकटवा. काचेवरून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं काडीने मोकळी करा. जोडी उलटसुलट झाली वाटली तर १.५ व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. दोघांपैकी एक उलटा असेल तर बेस गायब होतो, लोक उगाच नवे स्पीकर घेतात.

कळवा_खाडी

याच धाग्यात विचारतो. २००७ची सँट्रो, चायनीज अँड्रॉइड स्क्रीन बसवली. रात्री हेडलाइट लावले की एफएमच्या ९८.३वरसुद्धा खरखर, दिवसा नाही. अँटेना बदलू का?

ऐरोलीकर_मुग्धा

नको. हेडलाइटला एलईडी बल्ब टाकलेत का? स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमधून होणारा गोंधळ एफएममध्ये शिरतो. एक रात्र जुने एच४ लावून ऐका. खरखर गेली तर चांगल्या कंपनीचे बल्ब किंवा साधे हॅलोजन. तरीही राहिली तर अँटेना बूस्टरला निळ्या वायरीवरून १२ व्होल्ट मिळतात का ते बघा, आणि छतावरच्या अँटेनाच्या बुडाचा गंज काढा.

स्क्रीनच्या सेटिंगमध्ये "क्विक बूट" किंवा "स्लीप" असेल तर बंद करा. किल्ली काढल्यावरही ती अर्धवट जागी राहते.

सेल्फ_मोटर

आणि कळवावाले, एलईडी काढून १००/९० वॅटचे बल्ब टाकू नका. ५५ वॅटचे दोन मिळून १२ व्होल्टला ९ ॲम्पिअर घेतात, ९०चे दोन १५ घेतात. तो सगळा करंट स्टिअरिंगच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जात असेल तर स्विच आतून वितळतो.

कासारवडवली_०४

शेवटचे दोन प्रश्न. रेडिओची लाल वायर कुठे लावू, आणि जोड कसे मारू? गॅरेजवाला म्हणतो पिळून टेप पुरे.

सेल्फ_मोटर

लाल वायर: सिगारेट लायटरच्या सॉकेटचा सप्लाय किल्ली ॲक्सेसरीवर गेल्यावर येत असेल तर तिथून, स्वतंत्र २ ॲम्पिअरच्या फ्यूजने. पिवळी तिच्या जागी. ॲम्प्लिफायरची बारीक वायर निळ्या-पांढऱ्यावर. पिवळ्याचा जोड कापून नव्याने करा, सेल्फ मारताना जे २.२ व्होल्ट गायब होतात त्यातले बहुतेक तिथेच असतील. काळ्याचा जोडही बघा.

पिळून टेप आपल्या उकाड्यात टिकत नाही. उन्हाने टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि जोड डॅशमागे उघडा पडतो. गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह आधी वायरीत ओवा (ओवायची राहून जातेच), मापाच्या ट्यूबमध्ये दोन्ही टोकं क्रिम्पिंग प्लायरने दाबा, ओढून बघा, मग स्लीव्ह तापवा. सोल्डरिंग डॅशमागे चालेल, पण दाराच्या आणि बोनेटच्या वायरींना नको. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि हादऱ्याने तुटते.

अर्थिंगवाला

सोल्डरबद्दल थोडा मतभेद. वायर जोडापासून ३-४ सेंमीवर क्लिपने पकडली तर बोनेटमध्येही सोल्डर वर्षानुवर्षं टिकतं. पण पकडत कोणी नाही, हेही खरं.

ॲम्प्लिफायरची जाड वायर फायरवॉलमधून जिथे आत येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवरची कडी) आहे का बघा. नसेल तर पत्र्याची धार वायर कापते आणि तिथेच आग लागते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवा. फ्यूज वायरीला वाचवतो, ॲम्प्लिफायरला नाही, म्हणून आकडा वायरीच्या जाडीवर ठरवा. ८ गेजची खरी तांब्याची वायर असेल तर ४० ॲम्पिअर चालेल. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर ३०च्या वर जाऊ नका. ओळखायचं तर टोक चाकूने खरवडा, आत पांढरी दिसली की ॲल्युमिनियम.